सहा फूट दहा इंचांखालची मोटार

ठाण्याला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो त्या मालकांची उंची सहा फूट एक इंच होती, आणि त्यांच्या गॅरेजच्या तुळईची जमिनीपासून उंची बरोबर सहा फूट. हा एक इंच ते मानेने भरून काढत. तुळई आली की मान डाव्या खांद्याकडे कलती, तुळई गेली की सरळ. पुढे ही सवय इतकी अंगवळणी पडली की तलावपाळीवर उघड्या आभाळाखाली चालतानाही त्यांची मान मधूनच कलती होई. नवख्या माणसाला वाटे, हे गृहस्थ आपलं बोलणं किती लक्ष देऊन ऐकताहेत! तसं मुळीच नसे.

मी त्या वेळी मुंबईला एका कचेरीत नकाशे काढण्याच्या खात्यात होतो. खिशात घडीची फूटपट्टी असायची. जागा घ्यायला आलो तेव्हा मी भिंतींची मापं घेऊ लागलो, ते मालकांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने म्हणून हाक मारली नाही. "या, फूटपट्टी, चहा घ्या," असंच ते म्हणत. माझ्या पत्नीला हे फार लागे. मला नाही लागलं, कारण त्या घरात मापांना किंमत होती.

घर म्हणजे मुळात मिठाची वखार. मालकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठच्या मिठागरात राबलेलं. पुढे त्यातलाच एक तुकडा त्यांच्या वडिलांच्या मालकीचा झाला, आणि वखारीचं घर झालं. जागा उताराची. मागच्या अंगाला स्वयंपाकघर उंचावर, पुढच्या अंगाला रस्ता खाली. रस्त्याच्या बाजूने आत गेलं की गॅरेज. त्याचं छत जुन्या वखारीसारखं चांगलं बारा फूट उंच असायला हवं होतं, आणि एके काळी होतंही. मालकांनी मध्ये फळ्यांचा मजला घातला. तो कुठे घालायचा हे ठरवताना त्यांनी गॅरेजचा विचार केलाच नाही. स्वयंपाकघराच्या जमिनीला दोरी लावली, ती सरळ पुढे आणली, आणि जिथे दोरी टेकली तिथे मजला. खाली किती उरलं, तर फळ्यांपर्यंत सहा फूट दहा इंच.

कारण वर काकींची खोली होती. काकी म्हणजे मालकांच्या पत्नी. एका मोठ्या दुखण्यात त्यांचे पाय कमरेपासून गेले होते. लाकडी चाकांच्या पाटावर बसून, हाताने रेटा देत त्या घरभर फिरत. स्वयंपाकघर, माजघर, आपली खोली, सगळं एका पातळीत. मध्ये एक उंबरठासुद्धा मालकांनी ठेवला नव्हता. लोक म्हणत, उंबऱ्याशिवाय घर अशुभ. मालक म्हणत, "उंबरा ओलांडणारीलाच ओलांडता येत नाही, तर तो कुणासाठी ठेवू?"

काकींच्या हाताशी एक काठी असे. ती त्या फळ्यांवर आपटत आणि खाली गॅरेजात मालकांना निरोप पोचे. एक ठोका म्हणजे चहा झालाय. दोन म्हणजे आवाज कमी करा. तीन म्हणजे असाल तसे वर या. मालक खालून पान्याने तुळईवर एक ठोका देत, म्हणजे ऐकलं. दुपारी आमच्या खोल्यांत हे ठोके ऐकू येत. माझी पत्नी म्हणायची, "आपण दोघं मिळून वर्षभरात जितकं बोलत नाही, तितकं ती दोघं लाकडावर बोलतात."

मोटार एका गोऱ्या साहेबाची होती. तो देश सोडून गेला तेव्हा मालकांनी ती घेतली. काळी, बोजड, उंची पाच फूट आठ इंच. ती घ्यायचं कारण एकच. काकींचं माहेर शीळफाट्याजवळच्या गावात. बैलगाडीच्या हादऱ्यांनी त्यांची कंबर धरे. मोटारीत गादी टाकून त्या निजून जाऊ शकत. पहिलं एक वर्ष त्या दर सणाला माहेरी जाऊन आल्या.

मग एकदा मुंब्र्याच्या देवीच्या डोंगराखाली गाडी बंद पडली. मालक तेव्हा स्वतः दुरुस्ती करत नसत. गाडी एका मेकॅनिककडून चार दिवसांपूर्वीच करून आणली होती. भर दुपारी रस्त्यात दोन तास गेले. अखेर एका येणाऱ्या खटाऱ्यात काकींना बसवायचं ठरलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी त्यांना उचललं. एकाने बगलेत हात घातला, एकाने पाय धरले, लुगडं सावरायला त्यांचे स्वतःचे हात मोकळे नव्हते. बाजूला माणसं गोळा झाली होती.  घरी आल्यावर, अंथरुणावर टेकल्यावर, काकी आपल्या माहेरच्या बोलीत फक्त एवढंच म्हणाल्या, "मना आता त्या गारीन नका बसवू."

हे मला खुद्द मालकांनी सांगितलं. सांगताना त्यांची मान सरळ होती.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की ही मोटार यापुढे दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता आपण सांभाळायची, आणि ती बंद पडू शकत नाही इतकी खात्री झाली की काकींना पुन्हा विचारायचं. पन्नाशीच्या माणसाने जुनी इंजिनं उघडून, जुळवून, पुन्हा उघडून मोटार शिकून घेतली. अडचण एकच राहिली. मिठाच्या पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, पडल्याने त्यांचा कमरेचा सांधा आखडलेला होता. पाठीवर निजून गाडीखाली सरपटणं त्यांना जमत नसे. एकदा निजले तर उठवायला दोघं लागत. गाडीखाली जायचं तर उभं राहूनच. म्हणजे एक तर गाडी वर जायला हवी, नाही तर माणूस खाली.

आधी त्यांनी माणूस खाली घेतला. गॅरेजात चार फूट खड्डा खणला आणि दगडाने बांधून काढला. पण ठाण्याच्या त्या बाजूला तीन फुटांवर खाडी भेटते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की खड्ड्यात कंबरभर खारं पाणी. अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर नसतो, तिकडे त्याला भांग म्हणतात, तेव्हा खड्डा कोरडा. त्यामुळे आमच्या मालकांच्या मोटारीचं तेलपाणी पंचांग बघून होई. शेजारी थट्टा करत, "काय मालक, आज गाडीला कुठला उपास?" मालक गंभीरपणे सांगत, "आज द्वादशी. खालचं काम नाही. आज फक्त वरचं."

एकदा मीच म्हटलं, "मालक, महिन्यातले निम्मे दिवस तुमचं गॅरेज तिथीवर चालतं. गाडी काही तिथी पाहून बिघडणार नाही." त्यांना ते पटलं. आणि मग मोटार उचलायच्या यंत्राचा शोध सुरू झाला. तो दोन वर्षं चालला.

पहिला आला मुंबईचा एक विक्रेता. पांढरी पँट, हातात चित्रांचं जाड पुस्तक. त्याने गॅरेजात पाऊल टाकलं आणि तुळई कपाळाला लागली. मालक समाधानाने म्हणाले, "लागली ना? सगळ्यांना लागते."

कपाळ चोळत तो म्हणाला, "शेठ, यंत्र फर्स्ट क्लास देतो. पण छत चार फूट वर घ्यावं लागेल."

"छत माझं नाही."

"घर भाड्याचं आहे काय?"

"घर माझंच आहे. पण तुम्ही ज्याला छत म्हणता ना, ती वर हिची जमीन आहे. ती हलायची नाही. दुसरं दाखवा."

त्याने पान उलटलं. एकाच जाड खांबावर गाडी वर जाते असं चित्र होतं. मालक खूश झाले. खांब आधी कुठे असतो, असं मी विचारलं. विक्रेता म्हणाला, जमिनीत, आठ फूट खोल. मालकांनी त्याला खड्ड्यापाशी नेलं आणि आतलं पाणी दाखवलं. पाण्यात एक खेकडा होता.

विक्रेत्याने पुस्तक मिटलं. जाताना दारात वळून म्हणाला, "शेठ, तुम्हाला यंत्र नको. तुम्हाला बुटका मेकॅनिक पाहिजे."

मालक आठवडाभर ते आठवून हसत होते. पण शोध थांबला नाही.

मग साखळीची पुली आली. ती तुळईला अडकवून गाडीचं नुसतं पुढचं तोंड उचलायचं. साखळी दोन हात ओढली तोच तुळई करकरली आणि वरून तीन ठोके आले. मालक मान कलती करत वर धावले. काकींनी विचारलं, "माजा पलंग कला हालला?" कला म्हणजे त्यांच्या बोलीत का. पुली त्याच संध्याकाळी उतरली. परत कधी तिचं नावही निघालं नाही.

त्यापुढची सूचना माझी होती. मी रविवारी दोन तास बसून मापं घेतली. गाडी उंच पाच फूट आठ, रुंद पाच फूट सहा. मग गाडी उचलायचीच कशाला? लाकडी घोडीत बांधून एका कुशीवर आडवी करावी. पोट समोर येईल, मालक ताठ उभे राहून काम करतील, आणि वर एक फूट चार इंच शिल्लक राहील. मी आकृती काढली आणि दाखवली. मालकांनी ती बराच वेळ पाहिली. खिशातून काडेपेटी काढली, एका चपट्या डब्यात उभी ठेवली, वर तर्जनीने झाकणासारखी पट्टी धरली आणि काडेपेटी हळूहळू कुशीवर वळवायला लागले. कोपरा पट्टीला अडला.

"फूटपट्टी," ते म्हणाले, "उभी मावते. आडवी मावते. आडवी होताना मावत नाही."

मी घरी येऊन कर्ण काढला. पावणेआठ फूट ओलांडून गेला. आमच्याकडे माळ्यावरचं कपाट चढवताना हेच झालं होतं, आणि तरी मला सुचलं नव्हतं.

दगडी उतार बांधून त्यावर गाडी चढवायचं निघालं, तर गॅरेजाबाहेर अंगण नव्हतं, थेट रस्ता. आत बांधावा, तर एक फूट दोन इंच चढताच टप फळ्यांना लागे. रेल्वेच्या कामावरचा एक मोठा जॅक आणून पाहिला, त्याचंही तेच. मालक प्रत्येक नकारानंतर मला एवढंच सांगत, "छत हलणार नाही, गाडी विकणार नाही. राहिलो मी. मी हलायला तयार आहे. कुठे हलू तेवढं सांगा." त्यात वैताग नसे. हिशेब अजून सुटलेला नाही, एवढाच अर्थ.

अशातच काकींच्या भाचीचं लग्न ठरलं. भाची म्हणजे काकींनी लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलेली पोर. तिकडे लग्नाहून हळद मोठी. सगळं गाव रात्रभर जागं. हळद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. मालकांनी वर जाऊन विचारलं, यायचंय का.  काकी म्हणाल्या, "ती गारी बंद परली तं?"

"पडायची नाही."

"तवा बी तुमी असंच बोललेलाव."

मालक खाली आले. गाडीची फेरी मारून बघावी म्हणून कळव्याच्या पुलापर्यंत गेले, आणि परत आले ते खडखड आवाज घेऊनच. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा फिरतो, त्याचा सांधा झिजून गेला होता. तो वाटेत तुटला असता तर गाडी जागच्या जागी उभी. सांधा मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाला. पण काम निव्वळ गाडीच्या पोटाखालचं. आणि तिथी होती त्रयोदशी. खड्ड्यात पाणी भरलेलं.

मी म्हटलं, "या वेळेपुरती मेकॅनिककडे देऊ या."

 मालक खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "उधाणाला भरती मोठी. मग ओहोटी?"

"ओहोटीही मोठीच असणार."

"मग इथे का दिसत नाही?"

"कारण इथून पाणी लगेच परत जायला वाट नाही."

ते उठले. कमरेत कळ आली असावी, पण चेहरा उजळला होता. "चला फूटपट्टी. पट्टी घ्या."

आम्ही त्यांच्या जुन्या मिठागरात गेलो. मिठाच्या गाड्या जायच्या म्हणून तिथला बांध रुंद होता. खाडीचं पाणी आतबाहेर करायला त्या बांधात एक दगडी मोरी होती. तिला उघाडी म्हणतात. दोन्ही बाजूंना बांधीव भिंती, मध्ये मोकळी खाच, वर जायला यायला जाड फळ्या. मी मापं घेतली. खाचेची रुंदी सहा फूट. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर नऊ फूट. म्हणजे चारही चाकं दगडावर आणि पोट खाचेवर. खाचेची खोली पाच फूट, आणि त्यावर गाडीखालची जागा.

"आणि वर?" मालकांनी विचारलं.

मी वर पाहिलं. "वर काही नाही."

"दोन वर्षं आपण छताशी भांडत होतो," ते म्हणाले, "आणि छत सोडून बाहेर यायचं कुणाला सुचलं नाही."

पौर्णिमेला पहाटे फटफटलं तेव्हा गाडी हळूहळू बांधावर नेली. फळ्यांवरून पुढची चाकं पार झाली, चाकांना दगड लावले, मधल्या फळ्या काढल्या. उघाडीत टिपूसभर पाणी नव्हतं, नुसता चिखल. मालक आत उतरले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ऐन उधाणाच्या दिवशी आपल्या मोटारीखाली उभे राहिले. वर तुळई नव्हती, तरी मान डावीकडे कलतीच. मीही उतरलो, दांडा धरायला माणूस हवा होता.

दांडा सुटायला वेळ लागला. गंजलेल्या चार बोल्टांपैकी एकाने फार त्रास दिला. नवा सांधा बसवेपर्यंत भरतीचं पाणी परत येऊ लागलं होतं. आधी घोट्याला गार लागलं, मग पोटरीला. मी म्हटलं, "मालक, पाणी." ते म्हणाले, "मला माहीत आहे, ते येणार आहे. तुम्ही दांडा सोडू नका." तीन बोल्ट बसले. चौथा त्यांच्या तेलकट बोटांतून निसटला आणि गुडघाभर गढूळ पाण्यात गेला.

दुसरा बोल्ट नव्हता. मी वाकायला गेलो, तर ते ओरडले, "हलू नका! चिखल ढवळला की गेला."

मग ते अगदी स्थिर उभे राहिले. डोळे मिटले. उजवा पाय पाण्याखाली अलगद फिरू लागला, बोटांनी चिखल चाचपत, जसा बायकांचा हात तांदळात खडे शोधतो तसा. पाणी मांडीला आलं. माझे दंड भरून आले होते. लहानपणापासून अनवाणी मिठागर तुडवलेले ते पाय होते. एकदम त्यांचं तोंड हललं. बोट आणि अंगठा यांच्यात बोल्ट धरून त्यांनी पाय वर आणला. आखडलेल्या कमरेने तो हातापर्यंत पोचेना. मीच एक हात मोकळा करून बोल्ट घेतला आणि धोतराला पुसून दिला.

शेवटचा फेरा आवळला तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. वर चढल्यावर ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "घरी सांगू नका. ओलं काम केलं म्हटलं की ती रागावते."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकींना त्यांनी स्वतः दोन्ही हातांवर उचलून आणलं आणि मागच्या गादीवर निजवलं. पुढे मालकांच्या शेजारी मी. मला का घेतलं हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला अंदाज होता: वेळ आलीच तर काकींना उचलायला दुसरा हात ओळखीचा हवा. गाडी कळवा ओलांडून निघाली. आवाज एकसारखा, स्वच्छ.  मुंब्र्याचा डोंगर आला, देवीचं देऊळ वर दिसू लागलं. जिथे ती गाडी बंद पडली होती, तिथेच मालकांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं. दोन-तीन माणसं रस्त्यात थांबून बघू लागली.

काकी घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अवो, काय झालं? परली ना बंद?"

"पडली नाही. मी केली."

"कला?"

"तुला दाखवायला." त्यांनी किल्ली फिरवली, बटण दाबलं. इंजिन लगेच सुरू झालं. पुन्हा बंद केलं. पुन्हा सुरू केलं. बघ्यांपैकी एकाला वाटलं गाडीला धक्का हवा. तो पुढे आला. मालकांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं. "नको बाबा. हात नको लावू. आमची चालते."

मागून काकींनी काठीने सीटच्या पाठीवर एक ठोका दिला. एकच. मालकांनी उजव्या हाताने दाराच्या पत्र्यावर एक ठोका दिला आणि गाडी पुढे घेतली.

त्या रात्री हळदीत काकी मांडवाच्या मध्यभागी बसल्या होत्या, आणि पहिली हळद भाचीला त्यांनीच लावली. त्यानंतर त्या अनेकदा माहेरी गेल्या. गाडी वाटेत बंद पडल्याचं मला आठवत नाही. अष्टमीला खड्डा, पौर्णिमा-अमावास्येला उघाडी, असा मालकांच्या गॅरेजचा नवा नियम झाला.

काकी गेल्यावर वर्षभराने तोच पांढऱ्या पँटचा विक्रेता पुन्हा आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं की वरची खोली आता रिकामी आहे. या वेळी त्याने तुळई लक्षात ठेवून डोकं वाकवलं. नवं यंत्र आणलं होतं. म्हणाला, "शेठ, आता मजला काढला तर बारा फूट मोकळे होतात. कुठलंही यंत्र बसेल."

मालकांनी मला हाक मारली. "फूटपट्टी, जरा माप घ्या हो."

मला पाठ होतं, तरी मी घेतलं. "फळ्यांपर्यंत सहा फूट दहा इंच."

"बरोबर." ते विक्रेत्याकडे वळले. "ऐकलंत ना? यात बसेल असं यंत्र निघालं की या. तोवर चहा घ्या."

आणि आम्हाला घेऊन मागे स्वयंपाकघराकडे जाताना तुळईखाली त्यांची मान सवयीने कलती झाली.